चौपाटी, मैदान, उद्यान: बर्फाचं व्हेंडिंग मशीन बसवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रीडा क्लब, जिमखाने, उद्यानं सांभाळणाऱ्या संस्था, चौपाटीवर स्टॉल असलेले व्यावसायिक आणि वॉर्डातले कार्यकर्ते यांच्याकडून बर्फाच्या व्हेंडिंग मशीनबद्दल (जागेवरच बर्फ बनवून, पैसे भरले की तो ग्राहकाच्या डब्यात टाकणारं यंत्र) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी उत्तरं मुंबईचं हवामान, मुंबईचं पाणी आणि मुंबईची गर्दी धरून लिहिली आहेत.

मुंबईत बर्फ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. मग मशीन कशाला?

बर्फ मिळतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. लादी कारखान्यातून टेम्पोत, टेम्पोतून फुटपाथवर, फुटपाथवरून गोणपाटात. ती फोडायचा टोच्या दिवसभर उघड्यावर. मे महिन्यात कुठल्याही मैदानावर जाऊन पाहा. वीस लिटरच्या जारमध्ये लादीचे तुकडे टाकलेले असतात, तुकड्यांना भुसा चिकटलेला असतो, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलं त्याच जारमध्ये ग्लास बुडवून पाणी पितात. महापालिकेने उन्हाळ्यात तपासलेल्या बर्फाच्या नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. गोठल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. टायफॉइड, कावीळ, जुलाब यांचे जंतू बर्फात टिकून राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात.

म्हणूनच २०१८ च्या जूनपासून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की खाण्याचा बर्फ रंगहीन आणि मासे-माल थंड ठेवण्याचा बर्फ निळसर असला पाहिजे. नियम चांगला आहे, पण फोडलेल्या तुकड्यांत आणि संध्याकाळच्या उजेडात तो फिका निळा ओळखू येत नाही. पिण्याच्या पाण्याचा, हात न लागता थेट ग्राहकाच्या डब्यात पडणारा बर्फ हे मशीन बसवण्याचं खरं कारण. ते साधणार नसेल तर मशीन बसवू नये.

कुठल्या जागा योग्य आहेत?

आम्ही सगळ्यात वर मैदानं ठेवतो. आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क इथे खेळणारी माणसं रोजची असतात, वेळा ठरलेल्या असतात, मागणीचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर मढ, मार्वे, आक्सा, गोराई हा पट्टा. इथे सहलीचे गट आईसबॉक्स घेऊन येतात आणि गावात शिरल्यावर बर्फ शोधत फिरतात. पण इथलं मशीन किनाऱ्यावर नको. बस स्टॉपजवळ किंवा जेटीच्या अलीकडे असलेलं बरं.

जुहू आणि गिरगाव चौपाटीवर मागणी अफाट आहे, पण फिरायला आलेलं कुटुंब किलोने बर्फ घेत नाही. तिथलं खरं गिऱ्हाईक म्हणजे गोळा, सरबत, उसाचा रस विकणारे. त्यांच्याशी आधी बोलणं झालं नसेल तर तिथे जाऊ नका.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल खूप विचारणा होते. उद्यानाच्या आत, कान्हेरीच्या वाटेवर वगैरे, आमचं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. ते वन्यजीवांचं घर आहे. माकडं हातात दिसलेला डबा हिसकावतात, रात्री बिबटे फिरतात आणि कंप्रेसरच्या आवाजाचं तिथे काही काम नाही. प्रवेशद्वाराबाहेर, रस्त्याच्या बाजूला जागा मिळाली तर जरूर विचार करा. उद्यान सोमवारी बंद असतं, हे हिशेबात धरा.

वाळूवर मशीन ठेवता येईल का?

नाही. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सीआरझेड-१ब या कडक निर्बंधांच्या वर्गात मोडतो. नियम बाजूला ठेवला तरी पावसाळ्यातली साडेचार मीटरच्या वरची भरती आणि तिच्यासोबत येणारा कचरा काय करतो हे दादर किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पाहता येतं. रस्त्याच्या पातळीला, पक्क्या चौथऱ्यावर, आसपास पाणी तुंबण्याचा इतिहास नसलेली जागा शोधा. जवळच्या दुकानदाराला विचारा की जुलैत पाणी कुठपर्यंत येतं. तो बोट दाखवेल त्याच्या निदान एक फूट वर चौथरा घ्या.

परवानगी कोणाची लागते?

आधी जमीन कोणाची ते काढा, कारण मुंबईत शेजारीशेजारी असलेल्या दोन जागांचे मालक वेगळे असतात. महापालिकेचं उद्यान असेल तर वॉर्ड ऑफिस आणि उद्यान खातं. जिल्हाधिकाऱ्यांची जमीन असेल तर वाट वेगळी. पूर्व किनाऱ्यावर अनेक ठिकाणी बंदर प्राधिकरण. किनाऱ्यालगत असेल तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा प्रश्न येतो. ओव्हल मैदान २०१८ पासून जागतिक वारसा यादीतल्या परिसरात आहे, त्यामुळे तिथे साधा खोका ठेवायचा तरी वारसा संवर्धन समितीचं मत घ्यावं लागेल. जिमखान्याच्या किंवा क्लबच्या स्वतःच्या आवारात, त्यांच्याच मीटरवर आणि त्यांच्याच नळावर सुरुवात करणं सर्वांत सोपं. पहिलं मशीन असंच बसवा.

केवढ्या क्षमतेचं मशीन घ्यावं?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी गरज मोजा. वीस लिटरचा जार बत्तीस अंशांवरून दहा अंशांवर आणायला साधारण पाच किलो बर्फ लागतो. एक संघ सामन्यात दोन जार संपवत असेल तर दहा किलो. मैदानावर रविवारी किती सामने होतात ते मोजलं की आकडा हातात येतो. सहलीच्या गटाचा आईसबॉक्स चार-पाच किलोत भागतो. गोळ्याच्या गाडीची गरज गाडीवाल्यालाच विचारा. तो रोजचा आकडा तोंडपाठ सांगतो.

आता मशीनकडे या. पत्रकावर ‘चोवीस तासांत ५०० किलो’ असं छापलेलं असतं. तो आकडा बहुतेकदा एकवीस अंश हवा आणि दहा अंश पाणी धरून दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा चौतीस आणि टाकीतलं पाणी तीस. एक किलो पाणी दहा अंशांवरून गोठवायला सुमारे ३७६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तीस अंशांवरून सुमारे ४६०. नुसत्या पाण्यानेच काम एक पंचमांशाहून जास्त वाढलं. वर हवा गरम असल्याने कंडेन्सरला ती उष्णता बाहेर टाकणंही जड जातं. म्हणून छापील आकड्यातून पाव ते एक तृतीयांश वजा करा. ५०० चं मशीन ३५० देईल, म्हणजे तासाला पंधरा किलोच्या आत-बाहेर.

आणि गर्दी चोवीस तास नसते. समजा चारपासून नऊपर्यंत ३०० किलो जाणार आहे. त्या पाच तासांत मशीन नवीन बनवेल ७५ किलो. उरलेला २२५ किलो आधीच साठवणीच्या पेटीत पडलेला पाहिजे आणि तेवढा बनायला पंधरा तास लागतील. म्हणजे मशीन रात्री एकपासून चालू हवं आणि पेटी अडीचशे किलोंची हवी, कारण थोडा बर्फ पेटीतही वितळतोच. लोक मोठा कंप्रेसर घेतात आणि पेटी लहान ठेवतात. दुपारी तीन वाजता पेटी भरून मशीन थांबतं आणि सहा वाजता पेटी रिकामी होते. आमचा सल्ला कायम हाच: मशीन मध्यम घ्या, पेटी मोठी घ्या, पाण्याची टाकी सावलीत ठेवून तिला इन्सुलेशन करा.

क्यूब, चुरा की फ्लेक?

क्यूब. जाड, भरीव क्यूब सर्वांत उशिरा वितळतो, आईसबॉक्समध्ये टिकतो आणि पेटीतून नीट घसरतो. चुरा हवा असणाऱ्या गोळेवाल्याकडे खिसणी असतेच. फ्लेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा बर्फ, मासळीसाठी चांगला, पण ससून डॉक किंवा वर्सोव्याच्या मच्छीमारांची गरज टनांत असते. तो या मशीनचा विषय नाही.

पालिकेचं पाणी चालेल की आरओ लावावा?

पालिकेचं पाणी असेल तर आरओ लावू नका. भातसा, वैतरणा, तानसा, मोडक सागर, विहार, तुळशी हे सगळे पावसाच्या पाण्याचे साठे आहेत. त्या पाण्यात क्षार कमी असतात. आरओ लावलात तर चांगलं पाणी निम्म्याहून जास्त गटारात सोडाल, तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तलावांची पातळी रोज पेपरात छापून येते. गाळ अडवणारा फिल्टर, मग कार्बन, मग यूव्ही, एवढं पुरतं.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. नळाच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून क्लोरीन असतं आणि कार्बन फिल्टर तेच काढून टाकतो. कार्बनच्या पुढचा प्रत्येक इंच संरक्षणाशिवाय आहे. त्यामुळे यूव्ही दिवा मशीनच्या अगदी जवळ हवा आणि दिवा गेला तर पाणी आपोआप बंद व्हायला हवं. नुसता लाल इंडिकेटर लागून उपयोग नाही. रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, तेव्हा गाळाचा फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला. बोअरवेल किंवा टँकर असेल तर हिशेब पूर्ण वेगळा. तिथे क्षार तपासा, गरज असेल तर आरओ घ्या आणि आलेला प्रत्येक टँकर संशयाने पाहा.

पाण्याचं प्रमाण किलोमागे साधारण दीड ते दोन लिटर धरा. पुरवठा दिवसातून काही तासच असतो, म्हणून रोज ३०० किलोसाठी हजार लिटरची टाकी हवी. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी.

तपासणी किती वेळा करायची?

महिन्यातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. नमुना नळाचा नव्हे, मशीनमधून बाहेर पडलेल्या बर्फाचा द्या. निकष पिण्याच्या पाण्याचाच: १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नको. अहवालाची प्रत मशीनच्या दारावर लावा, तारखेसकट. लोक वाचतात.

सांडपाणी कुठे सोडायचं?

पाइप थेट गटारात खुपसू नका. पाइपचं तोंड आणि गटाराची जाळी यांच्यात मोकळी हवा राहिली पाहिजे, निदान एक इंच. गटार तुंबलं की घाण पाणी त्याच पाइपातून उलटं पेटीपर्यंत चढू शकतं. मैदानावर असेल तर हे पाणी झाडांच्या आळ्यात सोडता येतं, ते स्वच्छच असतं.

वीज किती लागते?

शंभर किलो बर्फामागे दहा ते पंधरा युनिट. आपल्या हवेत पंधराकडे झुकलेलं धरा. युनिट बारा रुपयांनी लावलं तरी किलोमागे वीज पावणेदोन रुपयांच्या आसपास. म्हणजे विजेने धंदा बुडत नाही. जागेचं भाडं, माणसाचा पगार आणि सर्व्हिसिंग हे मोठे खर्च.

शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. अर्ज करण्याआधी मंजूर भार तपासा. अर्थिंग स्वतंत्र घ्या आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच. ओल्या पायांनी, अनवाणी, लहान मुलं या मशीनला हात लावणार आहेत. यात तडजोड नाही.

वीज बराच वेळ गेली तर पेटीतला बर्फ अर्धवट वितळून पुन्हा एकसंध गोठतो आणि ढवळणारा दांडा अडकतो. असा बर्फ फोडून विकू नये. टाकून द्यावा, पेटी धुवावी आणि पुन्हा सुरुवात करावी.

खाऱ्या हवेत मशीन किती टिकेल?

योग्य घेतलं तर बरीच वर्षं, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. किनाऱ्याजवळ बाहेरचा पत्रा आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा. ३०४ वर लवकर तपकिरी ठिपके येतात. कंडेन्सरच्या कॉइलला इपॉक्सीचा लेप हवा आणि दर पंधरवड्याला ती गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवायला हवी. वायरिंगच्या प्रत्येक भोकाला धातूची जाळी लावा. उंदीर रबरी सील सहज पोखरतो.

मशीन पत्र्याच्या बंद टपरीत कोंडू नका. ते गरम हवा बाहेर फेकतं आणि जागा नसेल तर तीच हवा परत आत ओढतं. वर छप्पर, तीन बाजूंना जाळी, मागे हातभर मोकळी जागा.

स्वच्छता कोणी, कधी करायची?

मशीन स्वयंचलित आहे म्हणून ते स्वतःला साफ ठेवतं असं नाही. बर्फ ज्या नळीतून पडतो तिच्या आतल्या कडेवर पांढरा टिश्यू फिरवून पाहा. गुलाबी किंवा काळपट बुळबुळीत थर आला तर तिथे जंतूंची वसाहत झाली आहे, आणि विकला जाणारा प्रत्येक क्यूब तिला घासून बाहेर येतो. मुंबईच्या दमट हवेत हा थर फार लवकर धरतो. तोंड सतत ओलं, हवा उबदार, लोकांचे हात आणि डबे तिथे टेकतात.

म्हणून नळीचं तोंड रोज पुसायचं, अन्नासाठी चालणाऱ्या जंतुनाशकाने. आठवड्यातून एकदा नळी सोडवून घासायची. महिन्यातून एकदा पेटी पूर्ण रिकामी करून धुवायची, मग जंतुनाशक फिरवायचं. पहिली भरलेली खेप टाकून द्यायची. ती टाकताना जीव खालीवर होतो, पण टाकायची. हे काम करणाऱ्याचं नाव, तारीख आणि सही असलेला तक्ता मशीनच्या आत लावा.

म्हणजे माणूस ठेवावाच लागेल?

दिवसभर नाही, पण रोज दोनदा येणारा आणि जबाबदारी घेणारा माणूस हवा. मैदानाचा माळी, जिमखान्याचा कर्मचारी किंवा शेजारचा स्टॉलवाला हे काम उत्तम करू शकतो. त्याला त्याचे वेगळे पैसे द्या आणि अर्धा दिवस बसून शिकवा. कोणाचंच नसलेलं मशीन मुंबईत टिकत नाही.

पिशवीतून द्यावा की ग्राहकाच्या डब्यात?

डब्यात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि किनाऱ्यावर, मैदानावर रिकाम्या पिशव्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. नळीखाली वीस लिटरचा जार उभा राहील इतकी उंची ठेवा. डबा विसरलेल्यांसाठी शेजारच्या स्टॉलवर धुऊन परत घेता येणारे डबे अनामत घेऊन ठेवता येतात.

दर किती, पैसे कसे घ्यायचे?

क्यूआर कोडवर सगळं चालतं, पण गोराई-मढच्या बाजूला आणि रविवारच्या गर्दीत नेटवर्क दगा देतं. दहाच्या नाण्यांची सोय असू द्या. पैसे कटले आणि बर्फ पडला नाही तर फोन कोणाला करायचा तो नंबर मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत लिहा.

दर दोन ठेवा. एक-दोन किलो नेणाऱ्यांचा वेगळा, आणि सकाळी वीस-तीस किलो नेणाऱ्या गाडीवाल्यांचा वेगळा, लादीच्या जवळ जाणारा.

कोणते परवाने लागतात?

कायद्याने बर्फ हे अन्न आहे. त्यामुळे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना हवा, उलाढालीप्रमाणे. क्रमांक मशीनवर दिसला पाहिजे. किलोने विकत असाल तर मशीनमधला काटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्या. दोन किलोच्या जागी पावणेदोन पडले तर लोक पुन्हा येत नाहीत.

गोळेवाल्यांचा धंदा बुडणार नाही ना?

उलट, त्यांनाच आधी सोबत घ्या. गोळेवाला अस्वच्छ बर्फ हौसेने वापरत नाही. त्याला परवडणारा दुसरा बर्फ मिळत नाही. सकाळच्या सवलतीच्या दरात त्याला चांगला बर्फ मिळाला आणि गाडीवर ‘या मशीनचा बर्फ’ अशी पाटी लागली, तर त्याचं गिऱ्हाईक वाढतं आणि मशीनला रोजची बांधलेली विक्री मिळते. मशीनची जागा ठरवण्याआधी त्यांच्या संघटनेसोबत बसा. कुठला कोपरा सोयीचा हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दुखापतीसाठी बर्फ मोफत ठेवावा का?

मैदानावर तरी नक्की. मुरगळलेल्या घोट्याला बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावायचा, थेट त्वचेवर नाही. उष्माघातात माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या आणि १०८ ला फोन करायचा. मात्र समुद्रात पाकट माशाने डंख मारला तर बर्फ नव्हे, सोसवेल इतकं गरम पाणी लागतं, आणि मग डॉक्टर. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांना डंख मारला होता. ही सूचना किनाऱ्याजवळच्या प्रत्येक मशीनवर लिहा.

पावसाळ्यात आणि गणपतीत काय करायचं?

जून ते सप्टेंबर चौपाटीजवळची मशीन बंद ठेवणं शहाणपणाचं. पेटी रिकामी करून, कोरडी करून, दार किंचित उघडं ठेवून बंद करा, नाहीतर बुरशी धरते. मैदानाजवळचं चालू ठेवायचं तर अर्ध्या क्षमतेवर ठेवा. क्रिकेटची कांगा लीग पावसातच खेळली जाते, पण बर्फाची मागणी उन्हाळ्यासारखी नसते. विसर्जनाच्या दिवसांत मशीनभोवती बॅरिकेड हवंच आणि वीज मुख्य स्विचवरून बंद. ऑक्टोबरचा उष्मा सुरू होण्याआधी पुन्हा धुऊन, तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच सुरू करा.

मशीन विकणाऱ्याला काय विचारावं?

पस्तीस अंश हवा आणि तीस अंश पाण्यात किती किलो, हे लेखी मागा. शीतक (मशीनमध्ये फिरून थंडावा तयार करणारा वायू) कोणतं ते विचारा. आर-४०४ए ची हवामानावरची झळ फार मोठी आहे, आर-२९० ची नगण्य, आणि त्यात मशीन मिळत असेल तर तेच घ्या. कंडेन्सर फॅन, पंप आणि यूव्ही दिवा हे सुटे भाग मुंबईत कोणाकडे पडून आहेत, आणि मेमधल्या शनिवारी दुपारी मशीन बंद पडलं तर माणूस किती तासांत येईल, हे करारात घाला. दुसरीकडे चालू असलेलं त्यांचंच एखादं मशीन दाखवायला सांगा. जाताना पांढरा टिश्यू सोबत न्या.